भाषेचं घरटं: न्यूझीलंडच्या आज्ज्यांकडून आपण काय शिकायचं?

(सीमाभागातील तरुणांच्या एका अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय तो असा: लहान मुलांच्या शिक्षणात इतर देशांनी जे केलं, त्यातून आपण काय शिकायचं? एवढा मोठा विषय ऐकून आधी मीच घाबरले. मी काही परदेशात जाऊन आलेली नाही. गेली बारा वर्षं गावात बालवाडी चालवते. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना गोष्टी सांगायच्या, गाणी म्हणायची, त्यांची नाकं पुसायची, हे माझं काम. पण याच कामात एक प्रश्न माझ्या मागं लागला आणि त्याचं उत्तर शोधत, वाचत वाचत मी न्यूझीलंडपर्यंत पोचले. तो प्रश्न आधी सांगते.

दोन वर्षांपूर्वीची दिवाळी. माझी मावसबहीण शहरातून गावी आली होती. बरोबर तिची चार वर्षांची मुलगी. मुलीची नर्सरी इंग्रजी, आजूबाजूला कन्नड, आणि घरात आईवडील दोघंही तिच्याशी इंग्रजीतच बोलायचा प्रयत्न करतात. आमची आज्जी सोप्यात बसली होती. तिनं भाजलेल्या शेंगा ओंजळीत धरल्या आणि म्हणाली, "ये गं बाळ, शेंगा खा, ऊन ऊन हाईत." पोरगी आईकडं वळली आणि विचारलं, "व्हॉट इज शी सेइंग?" आज्जीनंही आईकडंच बघितलं आणि विचारलं, "काय म्हणतीया गं पोर?"

एकाच घरातल्या दोघीजणी. दोघींचा प्रश्न एकच. आणि मध्ये बसलेली आई दुभाषाचं काम करत होती.

माझ्या बहिणीला मी दोष देत नाही. तिला स्वतःला नोकरीच्या मुलाखतीत इंग्रजी जमलं नव्हतं, ऑफिसात कन्नड नीट आलं नाही म्हणून टोमणे खाल्ले होते. आपल्या मुलीला हे सोसावं लागू नये, एवढंच तिला वाटत होतं. म्हणजे बघा, त्या घरात मराठी थांबली ती कुणाच्या सक्तीनं थांबली नाही. मायेपोटी थांबली. हे ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट याच जागी येऊन थांबणार आहे.

आता न्यूझीलंडला जाऊ.

तिथले मूळ रहिवासी माओरी. त्यांची भाषा माओरी, तिला ते 'ते रेओ' म्हणतात. इंग्रज तिथं आले, वसाहत झाली. 1867 मध्ये कायदा झाला की माओरी गावांनी जागा द्यायची, सरकार शाळा देणार, आणि शिकवणं होता होईल तेवढं इंग्रजीत. पुढच्या काळात शाळेत माओरी बोललं म्हणून मुलांनी छड्या खाल्ल्या, हे कित्येक म्हाताऱ्यांनी नंतर सांगितलंय. तरी गंमत अशी, की एवढं होऊनही भाषा लगेच मेली नाही. 1913 मध्ये शाळेत येणाऱ्या माओरी मुलांपैकी शंभरातली नव्वद मुलं घरून माओरी बोलत येत होती. शाळा इंग्रजी, पण घर माओरी. घर शाबूत होतं.

मग दुसरं महायुद्ध झालं. कामधंद्यासाठी माओरी कुटुंबं खेडी सोडून शहरात आली. शेजारी इंग्रज, कारखान्यात इंग्रजी, आज्जी-आजोबा लांब गावाकडं राहिले. आणि ज्यांनी लहानपणी छड्या खाल्ल्या होत्या ती पोरं आता आईबाप झाली होती. त्यांनी ठरवलं, आपण भोगलं ते मुलांनी भोगायचं नाही. घरात इंग्रजी सुरू झालं. 1950 च्या दशकात शंभरातली सुमारे 26 मुलं माओरी बोलणारी उरली. 1975 मध्ये पाचही नाहीत.

नव्वदवरून पाचाच्या खाली. साठएक वर्षांत. कायदा तर त्याच्या कितीतरी आधीचा होता. भाषा खरी कोसळली ती घरातली बोली थांबल्यावर.

मग तिथली तरुण मंडळी उठली. हो, तुमच्याच वयाची. विद्यापीठातली पोरं-पोरी. त्यांनी सह्यांची मोहीम काढली. 14 सप्टेंबर 1972 ला तीस हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत नेऊन दिला. मागणी काय, तर शाळेत माओरी शिकवा. चळवळ मोठी झाली, पण दहा वर्षांनी वडीलधारी मंडळी एकत्र बसली तेव्हा त्यांना दिसलं, की भाषा अस्खलित बोलणारे बहुतेक जण आता म्हातारे झालेत. शाळेत आठवड्याला दोन तास माओरी शिकवून काय होणार? मूल शाळेत येतं तोवर त्याची बोली ठरून गेलेली असते.

म्हणून त्यांनी शाळेच्याही आधी जायचं ठरवलं. पाळण्यापर्यंत.

एप्रिल 1982. वेलिंग्टनजवळ वायनुइओमाता नावाचं उपनगर. तिथं पहिलं 'कोहांगा रेओ' सुरू झालं. कोहांगा म्हणजे घरटं, रेओ म्हणजे भाषा. भाषेचं घरटं! तान्ह्या बाळापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं तिथं येणार, आणि दारातून आत आलं की फक्त माओरी. जेवण माओरीत, भांडण माओरीत, झोपवणं माओरीत. शिकवायला कोण? आज्ज्या आणि आजोबा. ज्यांच्याकडं पदवी नव्हती, पण भाषा होती. इरिताना ताफिफिरांगी नावाच्या एका जिद्दी बाईंनी हे काम देशभर नेलं. जागा कुठल्या? समाजाची सभागृहं, चर्चचे हॉल, कुणाच्या घरची गॅरेज. सरकारच्या माओरी खात्यानं पाठबळ दिलं, हे खरं. पण घरटी चालवली ती कुटुंबांनी. तीनच वर्षांत तीनशेहून अधिक झाली. 1993 पर्यंत आठशेच्या वर, आणि त्यात चौदा हजारांहून जास्त मुलं.

तुम्ही म्हणाल, ताई, छान आहे, पण यात शिकण्यासारखं नेमकं काय? मुलांना एकत्र बसवून गाणी तर आपणही म्हणतो.

बरोबर. म्हणूनच आतली रचना बघा. घरट्याची चार तत्त्वं त्यांनी लिहून ठेवलीत. पहिलं, भाषा पूर्ण वेळ, भेसळ नाही. दुसरं, निर्णय कुटुंबांचे: काय शिकवायचं, पैसे कसे वापरायचे, हे आईबाप आणि वडीलधारे बैठकीत ठरवणार. तिसरं, प्रत्येकाची जबाबदारी आणि हिशेब. चौथं, मुलाचं आणि त्याच्या घरच्यांचंही आरोग्य आणि सुख. म्हणजे मूल आणून सोडलं, फी भरली, संपलं, असं तिथं चालत नाही. ज्या आईला माओरी येत नाही तिनंही मुलाबरोबर शिकायचं. अर्धा फायदा मुलाचा, अर्धा आईचा. कारण मूल दुपारी घरी गेल्यावर कुणाशी बोलणार? घर मुकं असेल तर घरटं कितीसं पुरणार?

आता दुसरी बाजू. सगळं गोड सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. त्यांना दोन मोठ्या ठेचा लागल्या, आणि त्या आपल्या जास्त कामाच्या आहेत.

पहिली ठेच. घरट्यातली मुलं पाच वर्षांची झाली, इंग्रजी शाळेत गेली, आणि बघता बघता त्यांची माओरी गळायला लागली. तीन-चार वर्षांची मेहनत वर्गात बसल्या बसल्या विरघळली. पालकांच्या ध्यानात आलं, घरट्याच्या पुढं झाड पाहिजे. मग 1985 मध्ये ऑकलंडच्या पश्चिम भागात होआनी वायतिती या समाजकेंद्रात त्यांनी स्वतःच माओरी माध्यमाची प्राथमिक शाळा काढली. सरकारी मान्यता यायला 1989 उजाडलं. चार वर्षं ती शाळा लोकांच्या जिवावर चालली. दरम्यान भाषेचा दावा वायतांगी लवादापुढं गेला आणि 1987 मध्ये माओरी देशाची अधिकृत भाषा झाली. क्रम बघा. आधी घरटं, मग शाळा, मग कायदा.

दुसरी ठेच. 1990 मध्ये घरटी शिक्षण खात्याकडं गेली. अनुदान आलं, त्याबरोबर नियमही आले. खात्याच्या मोजपट्टीत प्रमाणपत्रवाल्या शिक्षिकेला जास्त मोल, आज्जीला कमी. आईबाप वेळ देतात, याला तर त्या हिशेबात जागाच नव्हती. घरटी कमी होत गेली. आज ती 1993 च्या जवळपास निम्मी आहेत. शेवटी घरटीवाले पुन्हा लवादापुढं गेले, आणि 2012 मध्ये लवादानं सांगितलं, सरकारनं या घरट्यांना नीट सांभाळलं नाही. तेव्हा सरकारी मदत घ्यावी, आपला हक्कच आहे. पण चावी घरच्यांच्या हातात राहिली पाहिजे.

तरीही काम वाया गेलं नाही. 2023 च्या जनगणनेत माओरी बोलता येणारे दोन लाखांच्या वर निघाले. घरट्यात वाढलेली पोरं आज शिक्षक आहेत, बातम्या देतायत, आणि आपल्या बाळांशी माओरीत बोलतायत. आणि त्यातल्या एकालाही इंग्रजी येत नाही असं झालेलं नाही. इंग्रजी त्यांना रस्त्यावर, टीव्हीवर, दुकानात मिळालीच. मोठ्या भाषेला घरटं लागत नाही, ती हवेत असते. घरटं लागतं ते लहान पडलेल्या भाषेला.

हे वारं पुढं हवाईला पोचलं. अमेरिकेच्या त्या बेटांवर 1896 च्या कायद्यानं शाळेचं माध्यम इंग्रजी केलं होतं. माओरींचं बघून तिथल्या काही शिक्षकांनी 1983 मध्ये संस्था काढली आणि 1984 मध्ये काउआई बेटावर केकाहा गावी पहिली शिशुशाळा उघडली. नाव काय ठेवलं? 'पूनाना लेओ'. त्याचाही अर्थ भाषेचं घरटं. अडचण अशी, की नियमांप्रमाणं ही शाळाच बसत नव्हती. अस्खलित हवाईयन बोलणाऱ्या म्हाताऱ्या बायकांकडं बालशिक्षणाचं प्रमाणपत्र नव्हतं. पालकांनी शाळा बंद केली नाही आणि पाठपुरावाही सोडला नाही. 1986 मध्ये कायदा बदलला. पुढच्याच वर्षी सरकारी शाळेत हवाईयन माध्यमाचे वर्ग सुरू झाले, आणि 1999 मध्ये त्या वाटेनं गेलेली पहिली मुलं हायस्कूल संपवून बाहेर पडली.

तिसरं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं, कारण ते थेट तुमच्याबद्दल आहे. फिनलंडच्या उत्तर टोकाला इनारी नावाचं सरोवर आहे. त्याच्या काठी इनारी सामी भाषा बोलतात. बोलणारे एकूण काही शे माणसं. लाख नाही, हजार नाही, शे! 1997 मध्ये त्यांनीही माओरींसारखं घरटं काढलं. म्हातारी माणसं बोलत होती, घरट्यातली पोरं बोलायला लागली. पण मधली पिढी? पंचवीस ते पंचेचाळीसवाले? त्यांना भाषा येतच नव्हती. मग शाळेत शिकवणार कोण, पुस्तकं लिहिणार कोण, त्या पोरांशी घरात बोलणार कोण? म्हणून 2009-10 मध्ये त्यांनी सतरा मोठ्या माणसांना एक वर्ष पूर्णवेळ भाषा शिकवली. वर्गात तर शिकवलीच, शिवाय म्हाताऱ्या माणसांच्या घरी पाठवून, त्यांच्याबरोबर स्वयंपाक करत, मासे धरत शिकवली. सतरा माणसं! आपल्याकडं गणेशोत्सव मंडळात याच्या दुप्पट पोरं असतात.

आता आपल्याकडं येऊ.

मराठी म्हणजे माओरी नव्हे, हे मलाही कळतं. 2011 च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींच्या वर आहेत. मराठी मरत नाहीये. पण भाषा जगात किती कोटी लोक बोलतात, याचा उपयोग त्या चार वर्षांच्या पोरीला काय? तिच्यासाठी मराठी आहे का नाही, हे तिच्या घरात ठरतं. आठ कोटींची भाषा एका घरात एका पिढीत संपू शकते. सीमाभागात तर हे घर घर करत होतंय, आणि त्याची बातमी कुठंच छापून येत नाही.

आपण प्राथमिक शाळेच्या हक्काबद्दल बोलतो, बोलायलाच पाहिजे. राज्यघटनेचं कलम 350 अ भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं म्हणून सोय करायला सांगतं. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथं निदान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी म्हणतं. पण पहिलीचा पट का घसरतो? कारण पहिलीच्या आधीची तीन वर्षं आपल्या हातातून निसटलेली असतात. शाळा वाचवायला आपण पहिलीच्या दारात उभे राहतो, आणि मूल तिसऱ्या वर्षीच दुसऱ्या दारानं गेलेलं असतं.

कुणी म्हणेल, परदेशाचं बघून आपण काय करायचं, आपलं आपल्याला नाही का? अहो, आपल्याकडं तर याची मोठी परंपरा आहे. मारिया माँटेसरींनी 1907 मध्ये इटलीत रोम शहरात गरीब मुलांसाठी बालघर काढलं. तो विचार गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक यांनी उचलला. पण ताराबाईंनी नक्कल केली नाही. महागडी साधनं खेड्यात कुठून आणायची? त्यांनी बिया, खडे, शिंपले, पानं घेतली. 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर आल्या, आणि पुढं कोसबाडला काम वाढलं. आदिवासी पाड्यांवरची पोरं बालवाडीत येत नव्हती, तर या बायका बालवाडी घेऊन त्यांच्या अंगणात गेल्या. तीच अंगणवाडी. 1975 मध्ये सरकारनं देशभर योजना आणली तेव्हा हाच शब्द घेतला. बाहेरचं घ्यायचं, पण आपल्या मातीत रुजवून घ्यायचं, हे आपल्याच दोन बायकांनी करून दाखवलंय.

मग आपण काय करायचं? मी माझ्या गावात करते तेवढंच सांगते.

देवळाच्या सभामंडपात संध्याकाळी दीड तास आम्ही मुलं जमवतो. तीन ते सहा वर्षांची. मुलं कुठल्याही माध्यमात जात असोत, सगळ्यांना घेतो. गावातल्या पाच आज्ज्या आळीपाळीनं येतात. एकजण शेंगा फोडत बसते, मुलं मोजतात. एकजण कोडी घालते. एकजणीला गोष्टी येत नाहीत, ती नुसती आपल्या म्हशीबद्दल बोलते, आणि पोरं तोंड उघडं ठेवून ऐकतात! महिन्याचा खर्च विचाराल तर सतरंजी, खडू आणि चिवडा. अट एकच. आठवड्यातनं एक दिवस आई किंवा बाबा पोराबरोबर बसले पाहिजेत. आधी बाबा लोक मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसायचे. आता निदान दोघंतिघं गोष्ट सांगतात.

आणि एक गोष्ट मुद्दाम सांगते. घरट्यात घोषणा नकोत, गोष्टी हव्यात. आपलं भांडण मोठ्यांचं आहे, ते मोठ्यांनी सनदशीर मार्गानं लढायचं. तीन वर्षांच्या पोराला कुणाचा राग शिकवायचा नाही. आमच्या सभामंडपात शेजारच्या कन्नड घरातली दोन पोरं येतात. त्यांची आज्जीही कधी येते आणि कन्नडमध्ये गोष्ट सांगते. आमची पोरं तीही ऐकतात. दोन भाषांनी मुलाचं डोकं बिघडत नाही. घरची भाषा पक्की असली की दुसरी तिच्या आधारानं चांगली उभी राहते.

तुमच्यातले काहीजण इंग्रजी माध्यमातनं शिकलेत, काही कन्नड माध्यमातनं. मराठी वाचताना अडखळता, लिहायची लाज वाटते, म्हणून कार्यक्रमात मागं बसता. इनारीची ती सतरा माणसं आठवा. त्यांना तर बोलताही येत नव्हतं. तुम्हाला बोलता येतं. तीच हरवलेली मधली पिढी तुम्ही आहात, आणि अजून हरवलेली नाही. तुमच्या घरात आज्जी आहे तोवर तिच्याजवळ बसा. ती वापरते ते शब्द ऐका: शेतीचे, भांड्यांचे, नात्यांचे. पाचसात वर्षांनी तुमच्याही मांडीवर मूल असेल. त्याच्याशी कुठल्या भाषेत बोलायचं, हा निर्णय तेव्हा घाईत होतो, कुणीतरी शेजारीण सल्ला देते आणि होऊन जातो. तो आजच ठरवून ठेवा.

माझ्या बहिणीचं सांगून थांबते. त्या दिवाळीनंतर तिनं एकच गोष्ट केली. रोज रात्री जेवण झालं की पंधरा मिनिटं आज्जीला फोन. आई मध्ये बोलायची नाही, भाषांतर करायचं नाही. पहिले दोन महिने पोरगी नुसती ऐकायची. आज्जी आपली एकटीच बोलत राहायची, कोंबडी कुठं अंडी घालून बसली ते सांगायची. गेल्या महिन्यात मी तिथं बसले होते. फोन लागला आणि पोरगीच आधी बोलली, "आज्जी, शेंगा हाईत काय?"

आज्जीनं यावेळी कुणाकडं बघितलं नाही. तिनं थेट उत्तर दिलं.